सायकोनॉट्स २, रिफ्ट अपार्ट की इट टेक्स टू: हसवणारा साहसी गेम घेताना

२०२१ साली पाच महिन्यांत एकाच धाटणीचे वाटणारे तीन गेम आले. २६ मार्चला हेझलाइट स्टुडिओचा ‘इट टेक्स टू’, ११ जूनला इन्सोम्नियॅकचा ‘रॅचेट अँड क्लँक: रिफ्ट अपार्ट’ आणि २५ ऑगस्टला डबल फाइनचा ‘सायकोनॉट्स २’. तिन्हींत कार्टूनसारखी रंगीत दुनिया, उड्या, मारामारी आणि विनोद. दुकानातली चित्रं आणि ट्रेलर बघून निवड केली तर चूक व्हायची शक्यता दाट, कारण ‘मजेशीर’ हा शब्द तिघांना लागू पडतो आणि प्रत्येकाच्या बाबतीत त्याचा अर्थ वेगळा निघतो.

घाईत असलेल्यांसाठी निकाल आधीच. गोष्ट आणि कल्पनाशक्ती हवी असेल, इंग्रजी संवाद ऐकायला-वाचायला कंटाळा नसेल, तर सायकोनॉट्स २. दिवसभराच्या कामानंतर डोकं बाजूला ठेवून धडाधड गोळ्या झाडायच्या असतील आणि हाताशी पीएस५ किंवा बऱ्यापैकी पीसी असेल, तर रिफ्ट अपार्ट. शेजारी बसणारा दुसरा माणूस पक्का असेल तरच इट टेक्स टू. तो एकट्याने खेळताच येत नाही. दुसऱ्या खेळाडूची जागा संगणक घेत नाही, ‘नंतर कोणी तरी येईल’ हेही चालत नाही.

विनोद नेमका कुठे आहे

सायकोनॉट्स २ चा विनोद लेखनात आहे. टिम शेफरच्या या गेममध्ये राझ नावाचा दहा वर्षांचा सर्कशीतला मुलगा लोकांच्या मनात शिरतो आणि प्रत्येक मन ही एक लेव्हल असते. सुरुवातीच्याच एका लेव्हलमध्ये तो एका बाईंच्या मनातले दोन विचार परस्पर जोडून टाकतो आणि शिस्तीच्या त्या बाई जुगारी होतात. मग त्यांच्या मनात इस्पितळ आणि कॅसिनो यांची अशी काही सरमिसळ होते की हृदयविकार विभागात शर्यतीवर पैसे लागतात. हसू येतं, आणि सोबत हेही जाणवतं की हा घोळ आपणच घातलाय. पुढे एक लेव्हल टीव्हीवरच्या पाककला स्पर्धेची आहे. तिथे प्रेक्षकांत बसलेले जिन्नस ‘मला घ्या, मला घ्या’ म्हणत स्वतःहून कढईत जायला उतावीळ असतात. आणखी एक लेव्हल साठच्या दशकातल्या संगीत महोत्सवासारखी आहे आणि तिथलं गाणं अभिनेता-गायक जॅक ब्लॅकने गायलंय.

यातली मेख अशी की निम्मी गंमत इंग्रजी शब्दांवर उभी आहे. ‘इमोशनल बॅगेज’ म्हणजे खरोखर हुंदके देत बसलेल्या बॅगा. ‘रिग्रेट’ नावाचा शत्रू जड वजन घेऊन उडतो, ‘डाउट’ चिखलासारखा पायाला चिकटतो, ‘सेन्सर’ हातात ‘नो’चा शिक्का घेऊन धावून येतो. मनावरचं ओझं, मनाला लागलेली टोचणी असं आपणही बोलतो, पण ते ओझं सुटकेस होऊन रडताना पाहण्यातली मजा इंग्रजी वाक्प्रचार आधीच कानावर असेल तरच पुरती पोचते. तिन्ही गेममध्ये मराठी किंवा हिंदी सबटायटल्स नाहीत. बाकी दोघांत त्याने फार बिघडत नाही, इथे मात्र बिघडतं. इंग्रजी सबटायटल्स चालू ठेवावीत, कारण पात्रं भराभरा बोलतात.

रिफ्ट अपार्टचा विनोद हातात आहे, म्हणजे शस्त्रांत. ‘टोपिअरी स्प्रिंकलर’ हा बागेतला पाण्याचा फवारा शत्रूंना कातरलेल्या झुडपांत बदलतो. ‘मिस्टर फंगाय’ हा आळंबीसारखा साथीदार आपल्या बाजूने लढतो आणि लढता लढता बडबडतो. ‘पिक्सलायझर’ची गोळी लागली की अत्याधुनिक यंत्रमानव जुन्या गेममधल्यासारखा चौकोनी ठोकळ्यांचा होतो. इंग्रजी अजिबात न येणारा माणूसही हे पाहून हसेल. गोष्टीतही एक झकास कल्पना आहे. नेहमी हरणारा खलनायक डॉक्टर निफेरियस अशा विश्वात जाऊन पडतो, जिथला निफेरियस कधीच हरलेला नाही आणि सम्राट होऊन बसलाय. पण संवादांत धार कमी आहे. विनोद कोणाला बोचणार नाही इतका गुळगुळीत केलेला, आणि शेवट काय होणार हे तासाभरात कळतं.

इट टेक्स टूचा विनोद पडद्याबाहेर घडतो. जोडीदाराने चुकीच्या क्षणी बटण दाबलं, तुम्ही खोल दरीत गेलात आणि वर तोच तुमच्यावर ओरडतोय: खरी करमणूक ती. लिखित विनोद मात्र तिघांत सर्वांत कच्चा आहे. घटस्फोटाच्या उंबरठ्यावरचं जोडपं, ‘कोडी’ हा नवरा आणि ‘मे’ ही बायको, बाहुल्या होऊन अडकतं, आणि डॉक्टर हकीम नावाचं बोलकं पुस्तक त्यांना संसाराचे धडे देत सुटतं. हे पुस्तक पहिल्या तासाला मौजेचं वाटतं, चौथ्या तासाला नकोसं होतं.

मारामारी

इथे रिफ्ट अपार्ट बाकी दोघांच्या कितीतरी पुढे आहे, त्यामुळे जरा तपशिलात जाऊ.

वीसेक शस्त्रं आहेत आणि रॅचेट व रिव्हेट या दोन्ही नायकांत ती सामाईक आहेत. एकाचं शस्त्र सुधारलं की दुसऱ्याचंही सुधारतं. शस्त्राची पातळी वापराने वाढते आणि पहिल्या फेरीत पाचवर थांबते. नवखे खेळाडू इथेच चुकतात. एक आवडतं शस्त्र धरून बसतात, ते पाचवर पोचतं, पुढचे सगळे अनुभव-गुण वाया जातात आणि उत्तरार्धातले बॉस, म्हणजे टप्प्याच्या शेवटचे दांडगे शत्रू, अवजड वाटू लागतात. पाचला पोचलेलं शस्त्र लगेच बाजूला ठेवून कच्चं शस्त्र हाती घ्यावं. दुसरी गोष्ट रॅरिटेनियमची. या धातूने शस्त्राच्या जाळीतले षट्कोन उघडतात. काही षट्कोनांभोवती ठळक रेघ असते. त्यांच्या सगळ्या बाजू उघडल्या की मधली खास क्षमता फुकट मिळते. धातू दहा शस्त्रांत थोडा थोडा वाटण्यापेक्षा तीन-चार शस्त्रांची अशी वर्तुळं पूर्ण करणं जास्त फायद्याचं. धातू आणि बोल्ट (गेममधलं चलन) कमी पडले तर स्कार्स्टूच्या आखाड्यातल्या लढती पुन्हा पुन्हा खेळता येतात.

लढाईचा साधा क्रम असा: आधी फवारा किंवा फंगाय टाकून गर्दी अडकवायची, मग ‘एन्फोर्सर’ ही दुनळी बंदूक घेऊन जवळ जायचं. पीएस५च्या कंट्रोलरवर ट्रिगर अर्धा दाबला की एक नळी उडते, पूर्ण दाबला की दोन्ही, आणि मधल्या टप्प्यावर बोटाला खरा अडथळा जाणवतो. पीसीवर हा अनुभव हवा असेल तर ड्युअलसेन्स, म्हणजे पीएस५चाच कंट्रोलर, केबलने जोडावा. दुसऱ्या कंट्रोलरवर खेळ चालतो, तो अडथळा जाणवत नाही. चिलखताचे तुकडे लपलेल्या छोट्या विश्वांत सापडतात आणि त्यांचा फायदा ते अंगावर नसले तरी मिळतो, तेव्हा दिसायला आवडेल तेच घालावं.

उणीव काय? ग्रंथॉरसारखे मधले राक्षस रंग बदलून पुन्हा पुन्हा समोर येतात. आणि ज्या ‘एका क्षणात दुसऱ्या विश्वात’ या गोष्टीवर सगळी जाहिरात झाली, ती खेळाडूच्या मर्जीने फक्त ब्लिझार प्राइम आणि कॉर्डेलियन या दोनच ग्रहांवर करता येते. बाकी ठिकाणी पिवळी भेग दिसते, बटण दाबलं की तुम्ही तिच्याकडे ओढले जाता, म्हणजे आकड्याच्या दोरीचंच नवं रूप. दिसतं भन्नाट, पण करायला फारसं नसतं.

सायकोनॉट्स २ ची मारामारी सर्वांत कमकुवत. मानसिक शक्ती आठ, पण एका वेळी खांद्यावरच्या चार बटणांवर चारच बसतात. प्रत्येक शत्रूचा उतारा ठरलेला: ‘डाउट’ आगीने जळतो, ‘पॅनिक अटॅक’ इतका चपळ असतो की वेळ मंद करणारा बुडबुडा टाकल्याशिवाय हाती लागत नाही, ‘बॅड मूड’ला आधी परदृष्टीने, म्हणजे दुसऱ्याच्या नजरेतून पाहण्याच्या शक्तीने, न्याहाळावं लागतं. ‘एनेबलर’ दिसला की आधी त्यालाच गाठावं, कारण तो जवळच्यांना अभेद्य करतो. माणसाच्या व्यसनाला पाठीशी घालणाऱ्या नातेवाइकावरून हा शत्रू बेतलाय आणि गेममधली ही सर्वांत हुशार कल्पना आहे. कल्पना उत्तम, अंमल अडखळता. असे तीन-चार प्रकार एकदम आले की दर अर्ध्या मिनिटाला चक्र उघडून शक्ती बदलावी लागते आणि लढाईची लय तुटते. गर्दीत नेम नको त्याच शत्रूवर बसतो. उपाय म्हणून टेलिकायनेसिस (वस्तू मनाने उचलून फेकणं) आणि सायब्लास्ट (मनाने गोळ्या झाडणं) कायमचे बसवून ठेवावेत आणि बाकी दोन जागाच बदलत राहाव्यात. तरी वैताग आला तर सेटिंगमध्ये मारामारी सोपी करण्याची, पडल्यावर होणारी इजा बंद करण्याची आणि अजिबात न मरण्याची वेगवेगळी बटणं आहेत. ती लावायला संकोच करू नये; या गेमचा जीव लढाईत नाहीच.

इट टेक्स टूमध्ये शस्त्र दर प्रकरणाला बदलतं, आणि दोघांना वेगळं मिळतं. एकाकडे खिळे, दुसरीकडे हातोडी. मग एकाकडे स्फोटक डिंकाची बंदूक, दुसरीकडे पेटत्या काड्या. पुढे एक काळ मागे फिरवतो, दुसरी स्वतःची प्रतिकृती उभी करते. एकाही साधनाचा कंटाळा येईपर्यंत ते हातात राहत नाही. उलट तक्रार अशी होऊ शकते की आत्ता कुठे जमायला लागलं होतं.

उड्या, भटकंती, शोधाशोध

यात सायकोनॉट्स २ ला मान द्यावा लागतो. तोलाच्या काठ्या, झोके, चेंडूवर घरंगळणं, त्याच चेंडूला छत्रीसारखं धरून तरंगणं, सगळं सर्कशीतल्या मुलाला शोभेल असं. वेचण्यासारख्या वस्तू मात्र बेसुमार. प्रत्येक मनात ‘फिगमेंट’ नावाच्या पारदर्शक, लुकलुकणाऱ्या आकृत्या मोठ्या संख्येने विखुरलेल्या असतात आणि रंगीत भिंतीसमोर त्या दिसतच नाहीत. इथली एक चूक टाळा: पहिल्या भेटीतच लेव्हल शंभर टक्के करायला जाऊ नका. काही वस्तूंपर्यंत पोचायला पुढे मिळणाऱ्या शक्ती लागतात, त्यामुळे तासभर भिंतीवर डोकं आपटूनही हाती काही येत नाही. सगळ्या मनांना जोडणाऱ्या ‘कलेक्टिव्ह अनकॉन्शस’मधून कोणत्याही मनात परत जाता येतं आणि गोष्ट संपल्यावरही फिरता येतं. पहिल्या फेरीत दोनच गोष्टी जपून घ्या: अर्धे मेंदू, कारण दोन जुळले की आरोग्य वाढतं, आणि स्मृतींच्या तिजोऱ्या, कारण गोष्टीचे न सांगितलेले दुवे त्यांत आहेत. रडणाऱ्या बॅगेसाठी तिचं लेबल आधी शोधावं लागतं, तेव्हा लेबलाशिवाय बॅग दिसली तर जागा लक्षात ठेवून पुढे जावं.

रिफ्ट अपार्टमध्ये शोध नेटका आहे. पंचवीस सोनेरी बोल्ट, आणि दहा स्पायबॉट (छोटे हेर यंत्रमानव) गोळा केले की ‘रायनो ८’ हे सर्वांत दांडगं शस्त्र मिळतं. नकाशावर बहुतेक सगळं दिसतं. रॅचेटचा यंत्रमानव साथी क्लँक याच्या वाट्याची कोडी डोक्याला ताप वाटली तर ती थेट वगळता येतात.

इट टेक्स टूमध्ये गोळा करायचं काहीच नाही. त्याऐवजी वाटेत पंचवीस छोटे सामने पेरलेत आणि भांडण तिथेच होतं.

कोणत्या यंत्रावर काय चालेल

सायकोनॉट्स २ सर्वांत कमी मागणीचा: आठ जीबी रॅम आणि जीटीएक्स १०५० वर्गाचं ग्राफिक्स कार्ड असलेल्या जुन्या पीसीवरही चालतो. एक्सबॉक्स वन, सिरीज एक्स-एस आणि पीएस४ वर आहे. पीएस५ साठी वेगळी आवृत्ती नाही, तिथे पीएस४ चीच चालते. डबल फाइन २०१९ पासून मायक्रोसॉफ्टच्या मालकीची असल्याने गेम पहिल्या दिवसापासून गेम पास या मायक्रोसॉफ्टच्या वर्गणीच्या सेवेवर आला. आधीपासून सदस्य असाल तर विकत घेण्यापूर्वी तिथे बघा.

रिफ्ट अपार्ट पीएस५ साठी बनला आणि २६ जुलै २०२३ ला पीसीवर आला. पीएस४ वर किंवा एक्सबॉक्सवर नाही. सेकंडहँड डिस्क घेताना हे डोळ्यात तेल घालून पाहा, कारण पीएस४ वरचा ‘रॅचेट अँड क्लँक’ हा २०१६ चा वेगळा गेम आहे. पीसीवर पंचाहत्तर जीबी जागा लागते. शिफारस आरटीएक्स २०६० आणि सोळा जीबी रॅमची. कागदावर किमान अट जीटीएक्स ९६० ची आहे, पण खरी अडचण कार्डाची नसून साठवणीची. विश्व बदलताना नवा ग्रह डोळ्याचं पातं लवेपर्यंत डिस्कवरून वाचायचा असतो. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर त्या क्षणी चित्र काही सेकंद थबकतं आणि ज्या गोष्टीसाठी गेम घेतला तीच हातची जाते. एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, नसेल तर आधी ती घ्या, गेम नंतर.

इट टेक्स टू पीसी, पीएस४, पीएस५, दोन्ही पिढ्यांचे एक्सबॉक्स आणि २०२२ पासून निन्टेंडो स्विचवर आहे. पीसीवर एकाच पडद्यासमोर दोघं खेळणार असाल तर निदान एक कंट्रोलर लागतोच, एका कीबोर्डवर दोघांचं भागत नाही. स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतला तरी ईए या प्रकाशकाचं खातं उघडावं लागतं. पडदा मधोमध दुभागलेला असतो, त्यामुळे लॅपटॉपच्या पंधरा इंचांत प्रत्येकाच्या वाट्याला अरुंद पट्टी येते. टीव्हीला केबल जोडावी हे बरं. घरं वेगळी असतील तर ‘फ्रेंड्स पास’ आहे. एकाने विकत घ्यायचा, दुसऱ्याने पास फुकट उतरवायचा. मात्र प्लेस्टेशनवाला आणि पीसीवाला एकत्र खेळू शकत नाहीत. एक भावंड पुण्यात आणि दुसरं न्यू जर्सीत असेल तर यंत्रं जुळतात का हे आधी विचारा. शिवाय दोघांनी एकदम बटण दाबायच्या जागी अंतराचा उशीर जाणवेल. यंत्रं जुळतच नसतील तर याच स्टुडिओचा मार्च २०२५ मधला ‘स्प्लिट फिक्शन’ वेगवेगळ्या यंत्रांवरच्या जोडीदारांनाही एकत्र खेळू देतो, फक्त त्यात हास्य कमी आणि देखावा जास्त.

घरात मुलं असतील तर

अमेरिकी मानांकनात रिफ्ट अपार्ट दहा वर्षांपुढच्या मुलांसाठी आहे, बाकी दोन्ही किशोरांसाठी. हे मानांकन उगाच दिलेलं नाही. सायकोनॉट्स २ सुरू होतानाच मानसिक आरोग्याबद्दल सूचना देतो. पुढे दारूचं व्यसन, शोक, घबराट हे विषय येतात. ते हळुवारपणे हाताळलेत, पण येतात. पहिलीच लेव्हल दंतवैद्याच्या मनातली असल्याने भिंतीभर दात आहेत, आणि दाताच्या दवाखान्याची धास्ती असलेल्याला ती नकोशी होईल. इट टेक्स टू चित्रात गोजिरा दिसतो, तरी मध्यावर एका खेळण्यातल्या हत्तिणीचा प्रसंग आहे जो मोठ्यांनाही खुपतो. आई-बाप मुद्दाम मुलीचं आवडतं खेळणं मोडायला निघतात, ते खेळणं गयावया करतं, आणि बटण आपल्यालाच दाबावं लागतं. सहा-सात वर्षांचं मूल मांडीवर बसवून हा भाग खेळू नये. आई-वडील वेगळे होत असलेल्या घरातही विचार करूनच हात घालावा.

लहान मुलाला स्वतःच्या हाताने खेळू द्यायचं तर रिफ्ट अपार्ट. सर्वांत सोप्या पातळीवर त्यात हरणं अवघड आहे, आणि खेळाचा वेग सत्तर, पन्नास किंवा तीस टक्क्यांवर आणायचं बटणही ठेवता येतं.

किती तास

रिफ्ट अपार्टची गोष्ट दहा-बारा तासांत संपते. नंतर ‘चॅलेंज मोड’मध्ये तीच शस्त्रं घेऊन पुन्हा सुरू करता येतं आणि त्यांची पातळी दहापर्यंत जाते. पूर्ण किमतीला हे कमी वाटेल, म्हणून सेलची वाट बघण्यात शहाणपण. इट टेक्स टू बारा-चौदा तासांचा, आणि दोघांत मिळून एकच प्रत लागत असल्याने माणशी सर्वांत स्वस्त. सायकोनॉट्स २ पंधरा तासांच्या आसपास, सगळं वेचायचं तर वीसच्या वर. पण त्यातले पहिले दोन-तीन तास बोलण्याचेच आहेत, आणि बरेच जण तिथेच सोडतात. पाककला स्पर्धेच्या लेव्हलपर्यंत रेटा. तिथेही मन लागलं नाही तर तो तुमच्यासाठी नाही. २००५ चा पहिला भाग आधी खेळायची गरज नाही, सुरुवातीच्या चित्रफितीत मागची गोष्ट येते.

घेतल्यावर पहिल्या दहा मिनिटांत

पीएस५ वर रिफ्ट अपार्टला ‘परफॉर्मन्स आरटी’ लावा. प्रतिबिंबंही मिळतात आणि सेकंदाला साठ चित्रंही. टीव्ही एकशेवीस हर्ट्‌झचा असेल तर चाळीस चित्रांचा पर्याय जास्त रेखीव दिसतो. सायकोनॉट्स २ मध्ये सबटायटल्सचा आकार वाढवता येतो का ते पाहून घ्या. इट टेक्स टूमध्ये कोण ‘कोडी’ आणि कोण ‘मे’ हे ठरवायला वेळ घालवू नका, दोघांनाही सारखंच काम आहे. फक्त ज्याचा हात कच्चा आहे त्याला सांगून ठेवा की मेल्यावर बटण भराभर दाबलं की लगेच परतता येतं, आणि बॉसशी लढताना दोघं एकदम मेले तरच मागून सुरू करावं लागतं. म्हणजे एक जण मेला की दुसऱ्याने शौर्य गाजवायचं नाही, नुसतं पळत राहायचं.